वेगळी चूल का मांडावी लागली: अमेरिकेतील अल्पसंख्य ग्रंथपालांच्या संघटना

अमेरिकन लायब्ररी असोसिएशन, म्हणजेच एएलए, १८७६ मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झाली. तिचे सदस्यत्व कृष्णवर्णीय ग्रंथपालांना मिळत असे. तरीही १९७० मध्ये त्यांना स्वतःचे व्यासपीठ उभारावे लागले, आणि त्याची मुळे राज्यांच्या ग्रंथालय संघटनांमध्ये सापडतात. कार्यशाळा, रिकाम्या जागांची खबर, ओळखीपाळखी हे सारे राज्य पातळीवर चालते. वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांत नेमके तेच दार बंद होते.

राष्ट्रीय अधिवेशन दक्षिणेत भरले की काय होई, हे १९३६ मध्ये रिचमंडला दिसले. कृष्णवर्णीय प्रतिनिधींना अधिवेशनाच्या हॉटेलांत खोली मिळणार नव्हती. भोजनासोबत होणाऱ्या बैठकांना त्यांना प्रवेश नव्हता, आणि सभागृहात वेगळ्या राखलेल्या खुर्च्यांवरच बसायचे होते. ही सगळी व्यवस्था त्यांना आधीच पत्राने कळवली गेली होती. त्यावर मोठा निषेध झाला. सर्व सदस्यांना समान वागणूक मिळेल अशाच ठिकाणी अधिवेशन घ्यायचे, असे धोरण ठरले आणि १९५६ च्या मायामी बीचपर्यंत एएलएचे अधिवेशन दक्षिणेत भरले नाही.

हे धोरण जागेपुरतेच होते. राज्य संघटना होत्या तशाच राहिल्या. नॉर्थ कॅरोलिनातील कृष्णवर्णीय ग्रंथपालांनी १९३४ मध्ये आपली संघटना काढली आणि १९४३ मध्ये तिला एएलएची शाखा म्हणून मान्यता मिळाली. १९५४ मध्ये ‘एका राज्यात एकच शाखा’ असा नियम आला, तेव्हा ती विसर्जित होऊन सदस्य एकत्रित संघटनेत गेले. दक्षिणेतील काही राज्य संघटनांनी मात्र सर्वांना प्रवेश देण्यापेक्षा शाखेचा दर्जा सोडणे पसंत केले. नियमातली फट इथेच होती. शाखाच नसलेल्या संघटनेवर एएलएचा अंकुश नव्हता, पण एएलएचे पदाधिकारी तिच्या परिषदांना जाऊ शकत होते.

ही फट बुजवली ती सव्हाना स्टेट कॉलेजचे ग्रंथपाल ई. जे. जोसी यांनी. १९६४ च्या सेंट लुईस अधिवेशनात राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताहातील कामाबद्दल मिसिसिपीच्या संघटनेचा गौरव झाला. ही संघटना कृष्णवर्णीयांना सदस्य करून घेत नव्हती. संतापलेल्या जोसींनी ठराव मांडला: वर्णभेद पाळणाऱ्या राज्य संघटनांच्या सभांना एएलएच्या पदाधिकाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी अधिकृतपणे किंवा एएलएच्या खर्चाने जाऊ नये. ठराव मंजूर झाला. तो परिणामकारक ठरला, कारण त्यात निषेधाची भाषा नव्हती, प्रतिष्ठा आणि प्रवासखर्च यांवर थेट बोट होते. पुढच्याच वर्षी जोसी जॉर्जियाच्या संघटनेचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले.

सदस्यत्व मिळाले, तरी समित्या आणि निर्णय दूरच राहिले. म्हणून जानेवारी १९७० मध्ये एएलएच्या शिकागोतील हिवाळी बैठकीत ब्लॅक कॉकस, म्हणजे कृष्णवर्णीय ग्रंथपालांचा गट, उभा राहिला. जोसी त्याचे पहिले अध्यक्ष. त्याची पहिली मागणी अगदी ठोस होती. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरल्यावर तो चुकवण्यासाठी गोऱ्यांनी खासगी शाळा काढल्या होत्या. त्यांना सेवा पुरवणाऱ्या ग्रंथालयांची एएलएने निर्भर्त्सना करावी, असे कॉकसने मांडले. सार्वजनिक पैशाची पुस्तके त्या शाळांत जाणे म्हणजे मागल्या दाराने वर्णभेद पोसणे होते. जोसी १९८४-८५ मध्ये एएलएचे अध्यक्षही झाले.

बाकी संघटना दशकभरात आल्या. स्पॅनिशभाषक वाचकांसाठी रिफॉर्मा (१९७१), चिनी अमेरिकन ग्रंथपालांची संघटना (१९७३), मूळनिवासींची (१९७९) आणि आशियाई-पॅसिफिक ग्रंथपालांची (१९८०). या शेवटच्या संघटनेच्या संस्थापकांत शरद कारखानीस हे मराठी नाव आहे.

एएलएशी संलग्न असूनही या संघटनांची घटना, निवडणूक आणि वर्गणी वेगळी असते. एएलएचे सदस्य झाल्याने यांचे सदस्यत्व आपोआप मिळत नाही, म्हणजे वर्गणी दोनदा भरावी लागते. बेताच्या पगारावर हा भार लहान नाही. त्याहून मोठा अडसर प्रवेशाचाच: अमेरिकेत ग्रंथपालाच्या बहुतेक पदांना पदव्युत्तर पदवी लागते आणि तिचे शुल्क अनेकांना परवडत नाही. अशा अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी एएलएने १९९७ मध्ये ‘स्पेक्ट्रम’ शिष्यवृत्ती सुरू केली. रक्कम ५,००० डॉलर. पाचही संघटनांची पहिली संयुक्त परिषद २००६ मध्ये डॅलसला भरली.