कमी खर्चात पहिला समुद्री टँक: सामान घेण्याआधी हे वाचा

आज तुम्ही आमच्या दुकानातून समुद्री टँकसाठी, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी, काच, मीठ, पंप, दगड घेऊन जाल. मासा मात्र मिळणार नाही. तो पाच-सहा आठवड्यांनी, आणि तोही तुमच्या टँकचं पाणी तपासून. या नियमामुळे काही गिऱ्हाइकं नाराज होऊन जातात, तरी आम्ही तो बदललेला नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या टँकच्या वेळी एका दुकानदाराने टँक आणि चार मासे एकाच दिवशी दिले होते. आठवड्याच्या आत चारही मेले. पाण्यात अमोनिया वाढला होता आणि तो मोजायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. समुद्री टँकमध्ये लोकांचे सर्वांत जास्त पैसे याच मार्गाने जातात: मेलेल्या माशांच्या जागी पुन्हा मासे आणण्यात. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर आधी वेळ द्यावा लागेल.

टँक केवढा घ्यावा

2 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. साडेचार घनफूट, म्हणजे काठोकाठ 127 लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी साधारण 100 लिटर राहतं. याहून लहान टँक स्वस्त दिसतो, पण सांभाळायला कठीण जातो. 20 लिटरमधून दिवसाला एक लिटर उडालं तर खारेपणा लगेच चढतो, 100 लिटरमध्ये तेवढ्याने फारसं बिघडत नाही. नवख्या माणसाला चूक सुधारायला सवड हवी, आणि ती जास्त पाण्यातच मिळते.

भरलेल्या टँकचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास जातं. टीव्ही युनिटवर किंवा जुन्या टेबलावर ठेवू नका. फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या, वर प्लायवुड आणि त्यावर थर्माकोलची शीट. जागा भिंतीलगतची निवडा, खिडकीचं ऊन थेट येणार नाही अशी.

जुना टँक मिळत असेल तर जरूर घ्या, आम्हाला वाईट वाटणार नाही. फक्त दोन गोष्टी बघा. गॅलरीत ठेवून पूर्ण भरा आणि एक दिवस गळतो का ते पाहा. आणि आधीच्या मालकाने माशांच्या आजारावर मोरचूद किंवा तांब्याचं दुसरं औषध वापरलं होतं का ते विचारा. काचेच्या सांध्यातल्या सिलिकॉनमध्ये तांबं मुरतं आणि नंतर हळूहळू सुटतं. ते गोगलगाई, कोळंबी आणि कोरल (प्रवाळ) यांच्या जिवावर येतं.

मीठ आणि पाणी: इथे हात आखडता घेऊ नका

दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "समुद्राचंच मीठ ना, मग मिठागरातलं खडे मीठ का नको?" प्रश्न रास्त आहे. भांडुप-मुलुंडची मिठागरं आपल्यातल्या अनेकांनी लोकलमधून पाहिलेली आहेत. मिठागरात समुद्राचं पाणी आटवलं जातं तेव्हा चुना आणि जिप्सम आधीच खाली बसतात. मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहून जातं. हातात येतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या एक लिटर पाण्यात मात्र साधारण 1,280 मिलिग्रॅम मॅग्नेशियम, 410 ते 420 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि इतर बरंच काही असतं. कोरलचं सगळं त्यावर चालतं. त्यामुळे टँकसाठी बनवलेलं मीठच घ्यावं लागतं. एका किलोत साधारण 26-27 लिटर पाणी होतं, म्हणजे 100 लिटरला पावणेचार किलोच्या आसपास.

"मग थेट समुद्राचंच पाणी आणलं तर?" मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरचं किंवा खाडीचं पाणी अजिबात नको. त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात खारेपणाही खूप उतरतो.

मीठ ज्या पाण्यात विरघळवायचं ते शुद्ध हवं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी बहुतेक वेळा चालत नाही, कारण चव यावी म्हणून त्यातल्या टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलरमधून थोडं कच्चं पाणी परत मिसळलं जातं. टँकसाठी टीडीएस शून्य किंवा फार तर 5 हवा. साधा आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषून घेणारं रेझिनचं डीआय कार्ट्रिज लावलं की हे जमतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ते कार्ट्रिज लवकर संपेल, तो खर्च धरून चाला. जारचं पाणी विकत घेणार असाल तर आधी आमच्याकडे आणा, टीडीएस मोजून देऊ.

समुद्राचा खारेपणा 35, म्हणजे एक किलो पाण्यात 35 ग्रॅम क्षार. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर घनता 1.025 ते 1.026 दिसली पाहिजे. हे यंत्र टाळू नका. ते बरोबर दाखवतं का हे पाहायला महागडं द्रावणही लागत नाही. साधं मीठ 36.5 ग्रॅम आणि शुद्ध पाणी 963.5 ग्रॅम, किचनच्या काट्यावर नीट तोलून विरघळवा. यंत्राने 35 दाखवायला हवं. नाही दाखवलं तर स्क्रू फिरवून तिथे आणा.

आता सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. टँकमधलं पाणी रोज उडतं, मीठ मात्र उडत नाही. त्यामुळे कमी झालेलं पाणी भरून काढायचं ते गोड, शुद्ध आरओ-डीआयचं. खारं नाही. काचेवर मार्करने पातळीची रेघ मारून ठेवा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत भरा. उन्हाळ्यात पंखा लावला असेल तर दिवसाला एक-दोन लिटर सहज लागतं. खारं पाणी फक्त आठवड्याच्या पाणीबदलाला वापरायचं.

दगड

दगड म्हणजे या टँकचं खरं फिल्टर. त्याच्या बारीक छिद्रांमध्ये जिवाणूंची वस्ती होते आणि पाणी तेच साफ ठेवतात. 100 लिटरला 10 ते 12 किलो हलका, सच्छिद्र ड्राय रॉक, म्हणजे कोरडा, निर्जीव दगड, पुरतो.

कोकणातून येणारे बरेच जण जांभा वापरता येईल का विचारतात. छिद्रं भरपूर आहेत, फुकट मिळतो, दिसतोही सुंदर. पण जांभ्याचा लाल रंग लोहाचा असतो. ते लोह पाण्यात उतरलं की शेवाळ माजतं, म्हणून नको. पैसे अगदीच कमी असतील तर पांढरं सिमेंट आणि कुटलेले शिंपले मिसळून घरी दगड ओतता येतो. असा दगड गोड पाण्यात, पाणी बदलत बदलत, कित्येक आठवडे ठेवावा लागतो, नाहीतर सिमेंटचा अल्क टँकच्या पाण्याचा पीएच वर नेतो. पीएच उतरल्याशिवाय तो टँकमध्ये जाऊ देऊ नका.

आणि एक गोष्ट स्पष्टपणे. मालवणहून, रत्नागिरीहून किंवा अंदमान-लक्षद्वीपच्या सहलीतून प्रवाळाचा तुकडा आणू नका. जिवंत नको आणि पांढरा पडलेला मेलेलाही नको. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. समुद्रघोडा आणि समुद्री काकडीसुद्धा याच कायद्याच्या संरक्षणाखाली येतात. अनुसूची एकच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं तुरुंगवास आहे. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळच्या खडकांवर प्रवाळ सापडले, तेव्हा सरकारी प्रकल्पालाही ते हलवण्यासाठी वन खात्याची परवानगी घ्यावी लागली होती. आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत हे बऱ्याच मुंबईकरांना तेव्हाच कळलं. ते थोडे आहेत, हळू वाढतात, आणि ते तिथेच राहावेत असं आम्हाला मनापासून वाटतं. आम्ही कठीण प्रवाळ विकत नाही आणि कुणी मागवून द्या म्हटलं तरी देत नाही.

थांबायचे आठवडे

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच कमी घातक आहे आणि पाणीबदलाने काढता येतं. हे जिवाणू वाढायला तीन ते सहा आठवडे लागतात. त्यांना वाढायला अमोनिया लागतो, पण त्यासाठी मासा टाकून त्याचे हाल करायची गरज नाही.

जुन्या पद्धतीत सोललेल्या कोळंबीचा तुकडा कुजू देतात. चालतं, पण घरभर वास सुटतो. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड बरं. कल्हईवाला भांडी तापवून जो नवसागर फिरवायचा, तेच हे. फक्त बाजारातला नवसागर शुद्ध असेलच असं नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. 100 लिटरला 0.6 ग्रॅम टाकलं की अमोनिया 2 पीपीएमच्या (दहा लाखांत दोन भाग) आसपास येतो. एवढं आम्ही पुडीत तोलून देतो. दोन-तीन दिवसांनी एकदा टेस्ट करा. ज्या दिवशी टाकलेला 2 पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही शून्य दिसतं, त्या दिवशी टँक तयार. मग मोठा पाणीबदल करा आणि आमच्याकडे या.

या काळात दिवा बंदच ठेवा. दिवा सुरू झाल्यावर काचेवर तपकिरी थर येतो, मग हिरवं शेवाळ. टँक बिघडला असं वाटून बरेच जण इथे औषधं आणायला धावतात. काही टाकू नका. पाणीबदल करत राहा, दिवा आठ तासांपेक्षा जास्त लावू नका, थर आपोआप ओसरतो.

काय घ्यायचं नाही

स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, नको. एवढ्या टँकमध्ये मासे दोन-तीनच असतील आणि दर आठवड्याला 10 लिटर पाणी बदलणार असाल, तर मागे लटकवायचा साधा फिल्टर आणि त्यात उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस पुरतो. कापूस मात्र दर तीन-चार दिवसांनी फेकायचा. पाणी फिरवायला पॉवरहेड हवाच, तासाला टँकच्या दहा ते वीस पट पाणी ढकलणारा. दिवा निळसर पांढरा, साधारण 50 वॉटचा एलईडी. सॉफ्ट कोरलला, म्हणजे कठीण सांगाडा नसलेल्या प्रवाळांना, तेवढा उजेड पुरतो.

चिलरही, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, आम्ही सहसा देत नाही. पाणी 25 ते 27 अंशांवर राहावं. एप्रिल-मेमध्ये ते 30 च्या वर गेलं तर पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि कोरल फिकट पडू लागतात. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा लहान पंखा बाष्पीभवनाने दोनेक अंश उतरवतो. पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत त्याहून जास्त, मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत जरा कमी. झाकण जाळीचं ठेवा, खोलीत हवा खेळती ठेवा. फार तापलं तर बाटलीत गोठवलेलं पाणी टँकमध्ये तरंगत सोडा, बाटली बंद ठेवून.

वीज गेली की माशांना आधी ऑक्सिजन कमी पडतो, तापमानाचा प्रश्न नंतर येतो. सेलवर चालणारा एअर पंप घरात ठेवाच. इन्व्हर्टर असेल तर पॉवरहेड त्यावर घ्या, तो जेमतेम 5-6 वॉट खातो.

कोण राहणार

सुरुवातीला क्लाउनफिशची जोडी, हॅचरीत वाढवलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्या देशात बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारण नाही. हॅचरीतली पिल्लं काचेला सरावलेली असतात आणि गोळीखाणं पहिल्या दिवसापासून खातात. दोघांतली मोठी होते ती मादी. महिन्याभराने एक लहान गोबी मासा. त्यापुढे या टँकमध्ये मासा नको.

'फाइंडिंग निमो' सिनेमा पाहून आलेली मुलं निळा टँग मासा मागतात. तो फूटभर वाढतो आणि दिवसभर पोहतो. 2 फुटांत त्याला ठेवणं क्रूर आहे, म्हणून मुलांना आम्ही स्वतः समजावून सांगतो. क्लाउनफिश ज्याच्या आधाराने राहतो तो फुलासारखा समुद्री जीव, अ‍ॅनिमोन, त्याला लागतोच असं नाही. अ‍ॅनिमोनला जुना, स्थिर झालेला टँक लागतो, पहिल्या वर्षी घेऊ नका.

कोरलमध्ये मशरूम, झोआ आणि लेदर. तिन्हींना सॉफ्ट कोरल म्हणतात, नवख्याच्या चुका सोसतात, वाढले की वाटून घेता येतात. झोआ हाताळताना हातमोजे घाला. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. झोआ लागलेला दगड कधीही उकळू नका, उकळत्या पाण्याने धुऊ नका, ब्रशने घासू नका. वाफ किंवा तुषार श्वासात गेले तर माणसाला इस्पितळात न्यावं लागतं. घरात लहान मूल असेल तर झोआ सोडून मशरूम घ्या.

खर्च

टँक, स्टँड, दिवा, पंप, फिल्टर, आरओ-डीआय, रिफ्रॅक्टोमीटर, टेस्ट किट, मीठ, दगड, वाळू हे सगळं नवीन घेतलं तर आमच्या आजच्या दराने 30 ते 32 हजार. जुना टँक आणि घरी ओतलेला दगड धरला तर 22-24 हजारांत बसतं. महिन्याला दीड किलो मीठ आणि 20-22 युनिट वीज. एकदम जमत नसेल तर टप्प्याने घ्या: पहिल्या महिन्यात टँक, पाणी आणि दगड, दुसऱ्यात दिवा. दिवा तेव्हाच लागतो.

पाण्याची तपासणी आमच्याकडे मोफत आहे, सामान कुठूनही घेतलेलं असो. स्वच्छ धुतलेल्या बाटलीत अर्धा लिटर पाणी आणा. बाटली काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी आणा. पाणी कधी भरलं, दगड किती किलो आहे आणि शेवटचा पाणीबदल कधी केला हे कागदावर लिहून आणलंत तर उत्तर लवकर सापडतं.