बडोदा, जुनी स्पीकरची खोकी आणि स्पिरिट पॉलिशचा कायदा

जुन्या स्पीकरच्या खोक्याला घरच्या घरी पॉलिश करायचं म्हटलं की बडोद्यात लाकडाआधी लाख विरघळवायच्या स्पिरिटचा प्रश्न उभा राहतो. त्याची मुळं पाऊणशे वर्षं मागे जातात.

शंकूचा स्पीकर १९२५ सालचा, हवाबंद छोटं खोकं १९५४ सालचं. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांनी मात्र आधी रेडिओग्राम पाहिला. वर तबकडी, खाली स्पीकर, मागे भोकाभोकांचा पुठ्ठा. कारखान्यातून येताना त्यावर बहुधा फवाऱ्याने मारलेला लॅकर असे. ओरखडे पडले की गल्लीतला सुतार चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये भिजवून त्यावर हात फिरवी. आज हाती येणाऱ्या खोक्यावर त्यामुळे एकाखाली एक वेगळेच थर निघतात.

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी जूनमध्ये दारूबंदी कायदा लागू झाला. त्या कायद्यातल्या विकृत (पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेल्या) स्पिरिटच्या मिश्रणांच्या व्याख्येत फ्रेंच पॉलिश, म्हणजे हेच लाख-स्पिरिटचं पॉलिश, चक्क नावानिशी आहे. कारण होतंच. लाख वेगळी काढून उरलेलं पिणारे लोक होते, आणि त्यात जीव जात. १९६० साली गुजरात वेगळा झाला, कायदा सोबत आला. पिणाऱ्यासाठी घातलेला बांध सुताराच्या वाटेत आडवा आला, हे मात्र फारसं कोणी बोललं नाही. जुने कारागीर तर आपली कला कायद्यानेच मारली म्हणतात. तेवढं खरं नाही: मेलामाइन या रासायनिक पॉलिशने लाखेला इंदुरातही मागे टाकलंच, आणि तिथे दारूबंदी नव्हती. तरी बंदी नसती तर इथे हात थोडा जास्त काळ चालता राहिला असता, असं मला वाटतं.

(जवळच्या संखेड्याची लाख इथे कामाची नाही. ती लेथवर फिरत्या लाकडाला चढते, सपाट फळीला नाही.)

पुढे चिपबोर्ड (दाबलेल्या भुशाची फळी) आला, त्यावर लाकडी छपाईचं व्हिनाइल. पावसाळ्यात कोपऱ्यातून पाणी शिरलं की भुसा फुगतो आणि ती कड पुन्हा बसत नाही. स्पीकरच्या शंकूभोवतीची फोमची कडही झडते, पण ती बदलता येते. मग आले मेलामाइन आणि पीयू (पॉलीयुरेथेन). दोन्ही टणक, चकचकीत, आणि काढायला त्रासाचे: खरवडायला जावं तर खालचं विनियर (प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा) जेमतेम अर्धा मिलिमीटर, पॉलिश पेपर दोन हात जास्त फिरला की प्लाय दिसू लागतो. लाखेचं तसं नाही. नवा हात जुन्या थरात विरघळून मिसळतो, डाग तेवढाच उचलता येतो. जुन्या खोक्याला पीयू मारणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही.

थर ओळखायला मागच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब ठेवतात. चिकट झालं तर लाख. स्पिरिटला दाद न देता थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद नाही तर मेलामाइन किंवा पीयू. लाख निघाली तर मलमलीत कापसाचा बोळा बांधायचा, वर तेलाचा एखादा थेंब, आणि हात मध्येच थांबवायचा नाही. दमट हवेत पॉलिश दुधाळ पडतं, तेव्हा इथे हे काम नवरात्र उलटल्यावर काढलेलं बरं.