कॅश-नूतनीकरण, स्वयंचलित : दोषशोधन

विदागारात (डेटाबेसमध्ये) वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आधीच काढून साठवून ठेवतात. या साठ्याला कॅश म्हणतात. मूळ तक्त्यांतील नोंदी बदलल्या की तो ठरल्या वेळी आपोआप ताजा व्हावा, अशी योजना असते. ती बंद पडली तरी प्रणाली कुरकुरत नाही, शिळे उत्तर तितक्याच वेगाने देत राहते. त्यामुळे दोष बहुधा वापरणाऱ्याच्या तक्रारीतूनच कळतो.

कॅश हा शब्द ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. मराठीत रोकड या अर्थाच्या ‘कॅश’शी घोटाळा होऊ नये म्हणून काहीजण ‘कॅशे’ म्हणतात. ते सोयीचे असले तरी मूळ उच्चाराला धरून नाही. कल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो 1962 च्या सुमारास मँचेस्टर येथील ॲटलस संगणकापर्यंत मागे नेतात. परंतु तेथे मुख्य स्मृती आणि ड्रम (फिरत्या चुंबकी पिंपावरची साठवण) यांच्यात पानांची अदलाबदल होत असे, ती आजच्या आभासी स्मृतीला अधिक जवळची. मॉरिस विल्क्स यांनी 1965 मध्ये मांडलेली ‘स्लेव्ह मेमरी’ (मुख्य स्मृतीच्या जोडीची लहान, वेगवान स्मृती) हीच कॅशची पहिली स्पष्ट मांडणी मानणे अधिक युक्त दिसते. नाव मात्र आयबीएमच्या सिस्टिम/360 मॉडेल 85 या यंत्राच्या वर्णनातून, साधारण 1968 पासून रूढ झाले.

विदागारातील कॅश अनेक प्रकारची असते. मायएसक्यूएल या विदागार-प्रणालीची क्वेरी कॅश (विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांचा साठा) तक्त्यात एक नोंद बदलली तरी त्या तक्त्यावरची सगळी उत्तरे टाकून देई, ती 8.0 आवृत्तीत (2018) काढून टाकण्यात आली. मटेरिअलाइज्ड व्ह्यू (एका प्रश्नाचे उत्तर तक्त्यासारखे साठवून ठेवलेले; बोलीत ‘एमव्ही’) हा प्रकार टिकला. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीत तो 9.3 आवृत्तीत (2013) आला, पण आपोआप ताजा होण्याची सोय तेथे नाही; ती पीजीक्रॉनसारख्या, ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या जोडसाधनाने करावी लागते.

पहिले कारण बंद पडलेल्या कामाचे. दोष शोधताना हिशेब तपासण्याआधी नूतनीकरण झाले तरी का, हे पाहावे. ओरॅकल या प्रणालीत शेवटच्या नूतनीकरणाची वेळ आणि शिळेपणाची स्थिती प्रणालीच्या तक्त्यांत मिळते. तेथील डीबीएमएस-जॉब या वेळापत्रकाच्या जुन्या सोयीखालील काम (जॉब) सलग 16 वेळा फसले की ‘ब्रोकन’ ठरते आणि त्यानंतर आपणहून चालत नाही. पुण्यात हिंजवडी-खराडीकडच्या सपोर्ट टीममध्ये म्हणूनच ‘जॉब ब्रोकन झालाय का बघ’ हा पहिला प्रश्न असतो. जॉब क्यू प्रोसेसेसची (ही कामे चालवणाऱ्या प्रक्रियांची) संख्या कोणी शून्य करून ठेवली असेल, तर एकही काम सुरू होत नाही.

दुसरे कारण घड्याळाचे. पीजीक्रॉन वेगळे सांगितले नाही तर ग्रिनिच वेळ धरते आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. समजा, गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील आवकेचा गोषवारा रोज रात्री 12 वाजता ताजा करायचा म्हणून तसे वेळापत्रक लिहिले. प्रत्यक्षात तो पहाटे 5:30 ला होईल, म्हणजे गाड्या अजून उतरत असताना. फलकावर निम्मी आवक दिसेल आणि दोष बेरजेच्या सूत्राला दिला जाईल.

तिसरे कारण कुलपांचे. पोस्टग्रेएसक्यूएलचे साधे रिफ्रेश त्या व्ह्यूवर पूर्ण कुलूप (दुसऱ्या कोणालाही वाचू-लिहू न देणारा ताबा) मागते. आधीच एखादा लांबलचक अहवाल तो व्ह्यू वाचत असला, तर रिफ्रेश त्याच्यामागे खोळंबते आणि नंतर आलेले वाचकही त्या रिफ्रेशमागे अडकतात. पाहणाऱ्याला वाटते, सर्व्हरच झोपला. 9.4 आवृत्तीतील (2014) ‘कन्करंटली’ या पर्यायात वाचन चालू राहते. मात्र त्यासाठी व्ह्यूवर निदान एक युनिक इंडेक्स (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारी सूची) लागतो, नाहीतर आज्ञा तेथेच नाकारली जाते.

चौथे कारण नोंदवहीचे. ओरॅकलच्या फास्ट रिफ्रेशला (फक्त बदललेला भाग ताजा करण्याला) मूळ तक्त्यावरील बदलांची नोंदवही, म्हणजे एमव्ही लॉग, लागते. कोणी ती वही पाडून पुन्हा बनवली, तर ती शेवटच्या नूतनीकरणापेक्षा ‘तरुण’ ठरते आणि ओआरए-12034 ही त्रुटी येते. अशा वेळी एकदा कम्प्लीट रिफ्रेश (सगळे उत्तर नव्याने काढणे) करावे. त्यानंतर फास्ट पुन्हा चालू लागते.