गाडी अडकवली की जप्त केली? बंदूक जमा आहे की मुद्देमालात?

रात्रीची नाकाबंदी. जीपमध्ये मागे कव्हरात बारा बोअरची बंदूक, परवाना खिशात. काहीतरी खटकतं, गाडी ठाण्याच्या आवारात लागते आणि बंदूक आत ठेवून घेतली जाते. दुसऱ्या दिवशी मालक ठाण्यात जाऊन विचारतो, "साहेब, कधी सुटणार?" उत्तर ठरलेलं: "मोठे साहेब आले की बघू." आधी विचारायला हवं ते वेगळंच. गाडी आणि बंदूक कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली घेतली?

कारण पोलिसांच्या ताब्याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात वस्तू नियम मोडला म्हणून अडकवलेली असते, दुसऱ्यात ती गुन्ह्याचा पुरावा असते. आवार तेच, धूळ तीच, पण सोडवण्याचे दरवाजे वेगळे.

गाडीचा पहिला प्रकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०७ मधला. चालकाकडे लायसन्स नाही, चालक अल्पवयीन आहे, गाडीची नोंदणी नाही, परमिट नाही, अशा कारणांनी गाडी अडकवता येते. ती सोडवायला कोर्टात जावं लागत नाही. कागद घेऊन आरटीओकडे किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तपासणी झाली की गाडी मिळते. याच कलमातली एक सोय फारशी कोणी वापरत नाही. लायसन्स, वय किंवा परमिटचा प्रश्न असेल तर अधिकारी गाडीऐवजी फक्त आरसी ठेवून घेऊन पावती देऊ शकतो. देईलच असं नाही, पण जागेवरच नम्रपणे विचारायला काय हरकत आहे? (टो व्हॅनने उचललेली गाडी हा याहूनही साधा मामला. दंड भरा, गाडी घ्या.)

दुसरा प्रकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा. १ जुलै २०२४ पासून ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली. तिच्या कलम १०६ खाली गाडी घेतली म्हणजे ती मुद्देमाल (गुन्ह्याच्या पुराव्यातली वस्तू) झाली. इथे गुन्हा नोंद क्रमांक असतो, पंचनामा असतो, पंचांच्या सह्या असतात. कलम १०५ प्रमाणे जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणही व्हायला हवं. जप्तीची खबर मॅजिस्ट्रेटकडे जाते आणि ठाण्यातून व्यवहारात एकच उत्तर मिळतं, "कोर्टाचा आदेश आणा." मग वकिलामार्फत अर्ज करायचा. आरसी, विमा, ओळखपत्र जोडायचं. कोर्ट पोलिसांचा 'से' (म्हणणं) मागवतं आणि बहुतेकदा बंधपत्र घेऊन गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे तात्पुरता ताबा देऊन, सोडतं. अटी साधारण ठरलेल्या: विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की हजर करायची. जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवून काही उपयोग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच 'सुंदरभाई' निकालात सांगितलं. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर मुदतीच घातल्या आहेत. मुद्देमाल कोर्टासमोर आल्यापासून १४ दिवसांत त्याचं वर्णन नोंदवायचं, मग फोटो किंवा चित्रीकरण, आणि पुढच्या ३० दिवसांत निर्णय. तरीही ठाण्याबाहेर गंजलेल्या गाड्यांच्या रांगा दिसतात. त्यातल्या काहींसाठी कोणी अर्जच केलेला नसतो.

बंदुकीचं गणित याहून किचकट, कारण इथे वस्तू वेगळी आणि ती बाळगायचा परवाना वेगळा.

जमा करणं म्हणजे गुन्हा नव्हे. परवान्याची मुदत संपली, परवाना निलंबित किंवा रद्द झाला, की शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे बंदूक जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागते. हा पर्याय लक्षात ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात ठाण्याच्या खोलीत चार महिने पडलेल्या नळीला गंज चढायला वेळ लागत नाही. विक्रेता पैसे घेईल, पण तेलपाणी करायला त्याला सांगता तरी येतं.

जप्ती मात्र गुन्ह्यातली. फक्त महाराष्ट्रापुरत्या परवान्यावर बंदूक घेऊन बांद्याहून पत्रादेवी ओलांडून गोव्यात शिरलात, तर 'परवाना आहे की' हे उत्तर चालत नाही. बंदूक मुद्देमालात जाते आणि ती परत मिळवायचा अर्ज कोर्टात.

नेमकी इथेच लोकांची गल्लत होते. जप्तीने परवाना आपोआप रद्द होत नाही. त्यासाठी कलम १७ खाली परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा वेगळा लेखी आदेश लागतो. जिल्ह्यात तो अधिकारी जिल्हाधिकारी, आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्त. कारणं त्याला नोंदवावी लागतात, मागितल्यास ती थोडक्यात द्यावी लागतात (सार्वजनिक हिताचा अपवाद सोडून), आणि आदेशावर कलम १८ खाली अपील आहे. उलट बाजूही आहेच. कोर्टाने बंदूक परत करायला सांगितली, पण परवाना निलंबित असेल, तर ती घरी नेता येणार नाही. आणि बंदूक मुद्देमालात असली तरी परवान्याची मुदत थांबत नाही. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत टाकाच.

जमा असो वा जप्त, पावती वाचून घ्या. "एक बंदूक" एवढं पुरेसं नाही. बनवणारी कंपनी, बोअर (नळीचं माप), शस्त्राचा क्रमांक, काडतुसं किती, दस्त्याला आधीचा ओरखडा असेल तर तोही. हा कागद देताना कोणी कुरकुरलं तरी तिथून हलू नका.

जंगलालगत हे घडलं आणि शिकारीचा संशय आला, तर वन खातं येतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्ह्यात वापरलेलं हत्यार आणि वाहन सरकारजमा होऊ शकतं. मात्र खटला चालू असताना मॅजिस्ट्रेट गाडी तात्पुरती सोडू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात म्हटलं आहे. वाळूच्या डंपरचं प्रकरण तर महसूल खात्याकडे, महसूल कायद्याखाली.

राहिली निवडणूक. आचारसंहिता लागली की शेती संरक्षणाच्या बंदुका सरसकट ठाण्यात मागवल्या जातात, आणि वानर-रानडुकरांना मोकळं रान मिळतं. आयोगाच्या सूचनांत मात्र सरसकट असं काही नाही. छाननी समितीने प्रत्येक परवाना तपासायचा असतो; जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव आलेले यांच्यावर मुख्य रोख. तुम्ही यांत बसत नसाल, तर जमा करण्याची नोटीस आल्यावर समितीकडे लेखी अर्ज द्या, पिकाचं आणि सातबाऱ्याचं कारण जोडा. तरी बंदूक द्यावीच लागली, तर ती निकालानंतर आठवड्याने परत मिळायला हवी. पावती घेऊन स्वतः जा, ठाण्यातून निरोप येईल याची वाट पाहू नका.