प्रोटोटाइप सर्किट बोर्ड : थोड्या नगांची निर्मिती

एखादे इलेक्ट्रॉनिक उपकरण मोठ्या संख्येने बनवण्याआधी त्याचे सर्किट पारखण्यासाठी पाच-दहा नगांपुरते जे छापील बोर्ड तयार करतात, त्यांना प्रोटोटाइप बोर्ड म्हणतात. काचतंतू आणि इपॉक्सी राळेच्या, सामान्यतः १.६ मिमी जाडीच्या फलकावर सुमारे ३५ मायक्रोमीटर जाडीचा तांब्याचा थर असतो. नको असलेले तांबे रसायनाने विरघळवून उरलेल्या तांब्यातून ट्रॅक (वीज वाहणाऱ्या पट्ट्या) आणि पॅड (सुटे भाग सोल्डर करण्याच्या जागा) मिळतात.

मुंबईत सुटे भाग मिळण्याचे जुने ठिकाण म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, अर्थात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तांब्याचा कोरा फलक आणि तांबे विरघळवणारे फेरिक क्लोराइड आणून, लेझर प्रिंटरवर चकचकीत कागदावर छापलेला आराखडा इस्त्रीने तांब्यावर उतरवून विद्यार्थी घरीच एका बाजूचा बोर्ड तयार करतात. शिकण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. मात्र वापरलेल्या द्रावणात तांब्याचे क्षार असल्याने ते मोरीत ओतणे सर्वथा गैर आहे, कारण शहरातील नाले अखेर खाडीला किंवा समुद्राला मिळतात.

घरगुती पद्धतीची खरी मर्यादा छिद्रांपाशी येते. दोन बाजूंचे ट्रॅक जोडणाऱ्या छिद्राची आतली भिंत काच आणि राळेची, म्हणजे वीज न वाहणारी असते. म्हणून कारखान्यात ड्रिलिंगनंतर त्या भिंतीवर आधी विजेविना, केवळ रासायनिक क्रियेने तांब्याचा अतिशय पातळ थर बसवतात आणि मग विद्युत्विलेपनाने तो जाड करतात. हा थर कुठे तुटक राहिला, तर बोर्ड टेबलावर चालतो आणि तापला की बंद पडतो. असा दोष शोधणे फार जिकिरीचे असते. पुढे अतिनील प्रकाशाने आराखडा उमटवणे, एचिंग (नको असलेले तांबे विरघळवणे), सोल्डर मास्क (पॅड सोडून बाकी बोर्ड झाकणारा रंगीत थर), अक्षरछपाई आणि पॅडवर कथिलाचा लेप हे टप्पे येतात.

थोड्या नगांचा खर्च मालापेक्षा पूर्वतयारीत अधिक जातो. गर्बर फाइली (बोर्डाच्या थरांचे आराखडे असलेल्या संगणकीय फाइली) तपासणे, ड्रिलचा प्रोग्राम बसवणे आणि यंत्र लावणे हे काम पाच बोर्डांना आणि पाचशेंना जवळपास सारखेच लागते. यावर उपाय म्हणून अनेक ग्राहकांचे आराखडे एकाच मोठ्या पॅनलवर मांडून खर्च वाटून घेतात, आणि जोडण्या तपासायला प्रत्येक आराखड्यासाठी खिळ्यांचा वेगळा साचा न घडवता फिरत्या सुयांचे यंत्र वापरतात. अशा सामायिक पॅनलमध्ये जाडी, तांबे आणि मास्कचा रंग बहुधा ठरलेलाच स्वीकारावा लागतो. अंतिम उत्पादनाची जाडी वा थररचना वेगळी असणार असेल, तर ही काटकसर टाळावी. विशेषतः उच्च वारंवारतेच्या सर्किटमध्ये असा नमुना दिशाभूल करतो.

इपॉक्सीचा फलक हवेतील ओलावा शोषतो. सोल्डरिंगच्या उष्णतेत त्या ओलाव्याची वाफ होऊन थर सुटू शकतात. त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेले बोर्ड जोडणीपूर्वी काही तास १०० अंश सेल्सिअसहून थोड्या अधिक तापमानाला भट्टीत सुकवणे आणि उरलेले ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पाकिटात ठेवणे आवश्यक ठरते.