थंड पाण्यातील मासेमारीचा पोशाख (खान्देश)

लहान होडी, कयाक (दुहेरी पात्याच्या वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी नाव), तराफा किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून थंड पाण्यात मासेमारी करताना, अचानक पाण्यात पडल्यास जीव वाचावा या हेतूने निवडलेला पोशाख. अशा साधनांवर माणूस पाण्याच्या पातळीपासून जेमतेम वीतभर वर बसतो. जाळे ओढताना, मोठा मासा गळाला लागल्यावर किंवा नुसते मागे वळून पिशवी घेताना तोल जातो. म्हणून कपडे ठरवताना हवा किती गार आहे हे दुय्यम आणि पाणी किती गार आहे हे मुख्य मानतात. हा नियम जगभर सारखाच आहे. खान्देशात मात्र तो पाळणे विशेष अवघड जाते, कारण इथली हिवाळ्यातली ऊबदार दुपार माणसाला पाण्याचा विसर पाडते.

खान्देशातील पाणी : जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे मुख्यतः तापीच्या खोऱ्यात येतात. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावणारी तापी भुसावळजवळचे हतनूर धरण, पुढे सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेज ओलांडून गुजरातेत उकाईच्या जलाशयाला मिळते. वाघूर, गिरणा, पांझरा, अनेर या उपनद्यांवरही धरणे आहेत. सातपुड्याच्या उत्तर उतारावर सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या दऱ्यांत शिरले आहे. तिथे बुडालेल्या डोंगरांच्या कडा ठिकठिकाणी इतक्या सरळ आहेत की काठापासून चार हात आत गेले की पाय टेकत नाही. याच पाण्यात धडगाव तालुक्यातील भुषा येथे जानेवारी २०१९ मध्ये, संक्रांतीच्या सणाला, भाविकांची बोट उलटून माणसे दगावली.

या जलाशयांवर भोई, कोळी, भिल्ल, पावरा अशा अनेक समाजांतील लोक मासे धरतात. रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम हे नेहमीचे मासे. कयाकवरून मासेमारी ही इथली रूढ पद्धत नाही. पण ट्यूबवर पाय सोडून बसलेला मच्छीमार आणि उघड्या बैठकीच्या कयाकवर बसलेला हौशी गळवाला यांची अवस्था पाण्याच्या दृष्टीने एकच असते. ट्यूबवाल्याची तर अधिक बिकट, कारण त्याचे गुडघ्यापर्यंतचे पाय आधीपासूनच पाण्यात असतात. त्यामुळे कयाक-मासेमारीसाठी इतरत्र जे ज्ञान साठले आहे, ते इथे थेट उपयोगी पडते.

थंडीचे स्वरूप : मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरते त्या सुमारास उत्तरेचे वारे बोचू लागतात. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याचा पारा पहाटे १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो, केळीच्या बागांना चरका बसतो, आणि तोरणमाळ, डाब यांसारख्या सातपुड्यातील उंच भागांत कधीकधी दव गोठते. त्याच दिवशी दुपारी मात्र पारा २८ ते ३० अंशांपर्यंत चढतो. स्वेटर उतरतात, लोक सदऱ्याच्या बाह्या वर करतात. पाणी इतक्या लवकर तापत नाही. रात्रभर निवलेला मोठा जलाशय चार तासांच्या उन्हाने फारसा बदलत नाही. भर हिवाळ्यात त्याचे तापमान विशीच्या आसपास घुटमळते आणि वाहत्या ओढ्यानाल्यांत त्याहून खाली जाते. अमेरिकेत एके काळी हवेचे आणि पाण्याचे अंश मिळवून बेरीज पुरेशी आली तर साधे कपडे चालतील असे मानत. तो आडाखा आता जाणकारांनी टाकून दिला आहे, आणि खान्देशात तर तो घातकच ठरेल. बेरजेत दुपारचे ऊन पाण्याचा गारवा झाकून टाकते, पण पाण्यात पडलेल्याला त्या उन्हाचा काडीचा उपयोग होत नाही.

गार पाण्याचा शरीरावरील परिणाम : पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते. ब्रिटनमधील पोर्ट्समथ विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ माइक टिप्टन यांच्या संशोधनानुसार पाणी साधारण २५ अंशांच्या खाली गेले की शरीराची धक्क्याची प्रतिक्रिया सुरू होते आणि १० ते १५ अंशांच्या पाण्यात ती सर्वांत तीव्र असते. त्वचा एकदम गार पडताच माणूस नकळत मोठा श्वास ओढतो, मग धापा टाकू लागतो; हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतात. पहिला श्वास ओढला तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही बुडू शकतो. गार पाण्यातले अनेक मृत्यू अंग गारठून होण्याच्या कितीतरी आधी, या पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत होतात. आपल्याकडे अशा मृत्यूला ‘पोहता येत होतं, तरी कसा बुडाला?’ असे म्हणतात. त्या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथेच असते.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिस्ब्रेख्त यांनी बर्फाळ पाण्यासाठी एक सोपे कोष्टक रूढ केले : श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे असेपर्यंत १० मिनिटे, शुद्ध हरपायला सुमारे १ तास. खान्देशातले पाणी इतके गार नसते, त्यामुळे शेवटचे दोन टप्पे इथे लांबतात. पहिला टप्पा मात्र चुकत नाही, आणि दुसऱ्याची सुरुवात तर मच्छीमार पाण्यात न पडताही अनुभवतो. पहाटे हतनूरच्या फुगवट्यात तंगूसचे, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचे, जाळे वर घेताना पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते, वारा लागतो, आणि अर्ध्या तासात बोटांना जाळ्याची गाठ लागत नाही. मासा सोडवायला जे बोट वळत नाही, ते उलटलेल्या ट्यूबचा दोरही धरू शकत नाही.

कापडाची निवड : खान्देश हा कापसाचा मुलूख. अंगावर सुती कपडा असणे ओघानेच आले, आणि उन्हाळ्यात त्यासारखे सुख नाही. हिवाळ्याच्या पाण्यात मात्र सुती कापड टाळावे. सुती धागा पाणी शोषून धरतो, धाग्यांमधली हवा निघून जाते आणि ओला कपडा अंगाला चिकटून उष्णता ओढत राहतो. भिजलेली सुती पायजमा-बनियन वाऱ्यावर वाळेपर्यंत अंगाचीच ऊब खर्ची पडते. जाड जीन्स त्याहून वाईट : भिजल्यावर ती मांडीला आवळते आणि वर चढताना गुडघा वाकू देत नाही.

लोकर भिजली तरी बरीचशी ऊब राखते, कारण तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून राहते. म्हणून काठावर बसून गळ टाकणाऱ्याला घोंगडी उत्तमच. होडीत ती पांघरू नये. सुटी घोंगडी पाण्यात हातांना गुंडाळते आणि भिजून जड होते. लोकरीची अंगाबरोबरची बंडी चालते. हिवाळ्यात शहरोशहरी लागणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांच्या बाजारात आणि गावच्या आठवडे बाजारात मिळणारे स्वेटर पुष्कळदा लोकरीचे नसून अॅक्रिलिकचे असतात. तेही सुतापेक्षा कमी पाणी धरतात, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पॉलिएस्टर फ्लीसचे, म्हणजे लोकरीसारख्या मऊ, केसाळ कृत्रिम कापडाचे, जॅकेट सर्वांत सोयीचे, कारण ते पाणी जवळजवळ शोषतच नाही आणि पिळून झटकले की पुन्हा घालता येते. त्यावर वारा अडवणारा पातळ रेनकोट असावा. एकावर एक दोन पातळ थर हे एका जाड थरापेक्षा बरे. पहाटे दोन्ही अंगात ठेवता येतात आणि ऊन चढल्यावर वरचा काढता येतो. आतला मात्र काढू नये.

कयाकचा मूळ पोशाख आणि आजची साधने : कयाक ही आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची नाव. ग्रीनलंडमध्ये तिच्याबरोबर ‘तुइलिक’ नावाचा सीलच्या कातड्याचा टोपीसह अंगरखा वापरत. तो चेहरा, मनगटे आणि नावेच्या बैठकीच्या कडेला घट्ट आवळला की नाव उलटली तरी पाणी आत शिरत नसे. नाव आणि कपडा मिळून ते एकच साधन होते. पुढे नाव जगभर गेली, कपडा मागे राहिला, आणि हौशी लोक टी-शर्टवर कयाक वल्हवू लागले.

आज त्या जागी दोन प्रकार आहेत. ड्रायसूट जलरोधक कापडाचा असतो. मान आणि मनगटांशी रबरी पट्ट्या घट्ट बसतात, पावलांना शिवलेले मोजे असतात आणि आत ऊबदार कपडे घालतात. तो स्वतः ऊब देत नाही, फक्त आतले कपडे कोरडे ठेवतो. घातल्यावर उकिडवे बसून मानेची पट्टी बोटाने किंचित उघडतात आणि आतली जादा हवा बाहेर काढतात. हवा राहिली तर पाण्यात अंग फुगते आणि पोहता येत नाही. वेटसूट निओप्रीन या कृत्रिम रबराच्या फोमचा असतो. निओप्रीन १९३० मध्ये ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्यापासून पोहण्याचा पोशाख करण्याची कल्पना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी पुढे आणली. फोममधले वायूचे बारीक बुडबुडे ऊब धरतात. कपडा अंगाला घट्ट बसला तरच उपयोग. सैल वेटसूटमधून पाणी खेळत राहते आणि तो असून नसल्यासारखा होतो.

खान्देशासाठी ड्रायसूटची गरज नाही. त्याची किंमत इथल्या मच्छीमाराला परवडणारी नाही, आणि ३० अंशांच्या दुपारी वल्हे मारताना त्यात घामाने जीव नकोसा होईल. हिमाचल किंवा काश्मीरच्या बर्फाच्या पाण्यावर जाणाऱ्यासाठी तो ठीक. इथे २ ते ३ मिलिमीटर जाडीचा, बिनबाह्यांचा, पायघोळ वेटसूट आणि वर फ्लीस, हा हौशी माणसासाठी सर्वांत शहाणा पोशाख. उकडले तर पाण्यात हात बुडवून मानेवर पाणी मारावे, सूट उतरवू नये. रोज पोटासाठी पाण्यात जाणाऱ्याला तेवढेही शक्य नसेल, तर अॅक्रिलिक किंवा फ्लीसचा थर, रेनकोट आणि लाइफ जॅकेट एवढे तरी असलेच पाहिजे.

छातीपर्यंतची रबरी पँट, म्हणजे वेडर, काही गळवाले वापरतात. तिच्यात पाणी शिरले की माणूस दगडासारखा तळाला जातो ही समजूत खरी नाही, कारण पाण्याला पाण्यात वजन नसते. धोका वेगळा आहे. भरलेल्या वेडरने पाय हलवणे अवघड होते, आणि काठावर किंवा होडीत चढताना ते सगळे पाणी उचलावे लागते. ओढ्यात उभे राहून गळ टाकायला ती कमरेशी पट्टा आवळून वापरावी. होडीत घालू नये.

लाइफ जॅकेट : हा पोशाखाचाच भाग आहे आणि बाकी सगळ्याच्या आधी येतो. पहिल्या मिनिटात धाप लागलेली असताना तोंड पाण्याबाहेर ठेवण्याचे काम तेच करते. होडीत पायाशी ठेवलेले जॅकेट त्या मिनिटात हाताला लागत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांत ५० न्यूटन उत्प्लावकतेचे (पाण्यात वर उचलून धरण्याच्या जोराचे) जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असताना, तर १०० न्यूटनचे शांत, बंदिस्त पाण्यासाठी धरतात. हतनूर किंवा सरदार सरोवरासारख्या पसरट पाण्यावर, शिवाय पोहता येत नसेल तर, १०० न्यूटनचेच घ्यावे. पाठीला बांधलेला प्लॅस्टिकचा कॅन किंवा थर्माकोलचा तुकडा त्याची जागा घेत नाही. तो माणसाला पालथे पाडून तोंड पाण्याखाली ढकलू शकतो. जॅकेट नीट बसले का हे पाहण्यासाठी पट्टे आवळून दुसऱ्याने खांद्यांशी धरून वर ओढावे. ते कानांपर्यंत सरकले तर पाण्यात डोक्यावरून निघेल. जांघेतून जाणारा पट्टा असेल तर तो लावावाच. रंग केशरी किंवा पिवळा असावा, म्हणजे पहाटेच्या धुक्यात दुरूनही दिसतो. शिटी दोरीने जॅकेटलाच बांधलेली असावी.

डोके, हात, पाय : कानटोपी लोकरीची किंवा फ्लीसची चालते. मफलर गळ्याभोवती सुटा सोडू नये. जाळ्यात किंवा वल्ह्यात अडकतो. बोटांची टोके उघडी ठेवणारे निओप्रीनचे हातमोजे जाळे काढायला सोयीचे. उंच गमबूट टाळून घोट्यापर्यंतचे, पाणी निथळणारे बूट घालावेत. जलाशयांत बुडालेल्या बाभळींच्या खुंटांमुळे अनवाणी पाय धोक्यात येतात. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या राहून मासे, खेकडे धरणाऱ्या बायकांसाठी साडीखाली पॉलिएस्टरची घट्ट विजार हा साधा आणि स्वस्त उपाय आहे.

पाण्यातून काढल्यावर : माणसाला शक्यतो आडवे ठेवूनच वर घ्यावे, ओले कपडे उतरवावेत किंवा कापावेत, कोरड्यात गुंडाळून वारा अडवावा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम, गोड चहा द्यावा. हातपाय चोळणे, तेल लावून रगडणे ही आपल्याकडची सवय इथे अपाय करते, कारण गारठलेले रक्त एकदम हृदयाकडे वळते. शेकोटीच्या अगदी जवळ नेऊ नये. बधिर कातडीला चटका कळत नाही. दारू तर मुळीच नको. ती त्वचेच्या रक्तवाहिन्या सैल करते, अंगाला ऊब आल्यासारखे वाटते आणि आतली उष्णता झपाट्याने निघून जाते. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की वैद्यकीय मदत लागते. बोलणे अडखळणे, थरथर एकाएकी थांबणे ही त्याची बाह्य खूण. ती दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

निगा : हे साहित्य खान्देशात थंडीपेक्षा उन्हाळ्याने अधिक खराब होते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखाली टांगलेल्या लाइफ जॅकेटचा फोम आक्रसतो, निओप्रीनला घडीवर चिरा पडतात, रबरी पट्ट्या चिकट होऊन तुटतात. गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, घडी न घालता मातीच्या भिंतीच्या गार खोलीत टांगावे. रबराला टाल्कम पावडर लावावी. डिझेल आणि खताच्या पोत्यांपासून लांब ठेवावे. उंदरांना फोम फार आवडतो, म्हणून दोरी छताच्या मधोमध बांधावी. हंगाम सुरू होण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, जॅकेट घालून कमरेभर पाण्यात उभे राहावे आणि पाय उचलून पाहावेत. हनुवटी पाण्याच्या वर राहिली नाही तर ते जॅकेट बदलावे.