नऊ पानं, राणी बाहेर: दश्शी पडली की गुलाम पडला?

‘एट एव्हर, नाईन नेव्हर’ हे सूत्र ब्रिज शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात मिळतं आणि मग जन्मभर सुटत नाही. एका रंगाची आपल्याकडे मिळून आठ पानं आहेत आणि राणी बाहेर आहे, तर फिनेस करा, म्हणजे राणी आपल्या आधी खेळणाऱ्याकडे आहे असं धरून राजाऐवजी त्याखालचं पान लावा. नऊ असतील तर एक्का-राजा वाजवा, राणी पडेल. आठ पानांबद्दल मला काही बोलायचं नाही; तिथे पाच पानं बाहेर असतात, फिनेस करा आणि पुढे चला. नऊ पानांचं सूत्रही खोटं नाही. पण ते एका विशिष्ट परिस्थितीपुरतं आहे, आणि हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या परिस्थितीत ते लावलं की हातातला डाव जातो. वीस-वीस वर्षं खेळणारी माणसंही इथे चुकतात, आणि चुकल्यावर ‘नशीब’ म्हणून पत्ते पिसायला घेतात.

दोन्ही मांडण्या शेजारी ठेवूया. तुम्ही दक्षिणेला, डिक्लेअरर, म्हणजे डाव खेळणारे; समोर पार्टनरची उघडी पानं, ती डमी; पूर्व-पश्चिम प्रतिस्पर्धी. इस्पिक हुकूम.

पहिल्या मांडणीत तुमच्या हातात एक्का, राजा, गुलाम, नश्शी, पंजी. डमीत अठ्ठी, सत्ती, छक्की, चौकी. बाहेर चार पानं: राणी, दश्शी, तिर्री, दुर्री.

दुसऱ्या मांडणीत एकच बदल. तुमच्याकडे गुलामाऐवजी दश्शी आहे: एक्का, राजा, दश्शी, नश्शी, पंजी. डमी तीच. बाहेर राणी, गुलाम, तिर्री, दुर्री.

दोन्हीकडे तुम्ही एक्का वाजवता. पूर्व दुर्री टाकतो. पश्चिमेकडून पहिल्या मांडणीत दश्शी पडते, दुसऱ्या मांडणीत गुलाम. मग तुम्ही डमीत जाता आणि सत्ती काढता. पूर्व शांतपणे तिर्री टाकतो. आता बाहेर एकच पान उरलंय, राणी. ती पूर्वेकडे असेल तर फिनेस हवा, पश्चिमेकडे एकटी उरली असेल तर राजा हवा.

पहिल्या मांडणीत राजा लावा. दुसऱ्या मांडणीत फिनेस करा. आणि हे दोन निर्णय सारख्या वजनाचे नाहीत: पहिल्यात तुम्ही 52 विरुद्ध 48 च्या बाजूने खेळताय, दुसऱ्यात जवळजवळ 65 विरुद्ध 35 च्या. पहिल्यात चुकलात तर फारसं बिघडत नाही. दुसऱ्यात चुकणं महाग पडतं, आणि लोक नेमके दुसऱ्यातच चुकतात.

मागे एका टीम मॅचमध्ये माझे पार्टनर, मी त्यांना काका म्हणतो, सहा इस्पिक खेळत होते, म्हणजे तेरापैकी बारा हात करायचे. आम्ही व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त. बाजूच्या रंगात एक हात जाणारच होता, म्हणजे हुकुमात एकही द्यायचा नव्हता. मांडणी दुसरी. एक्क्याखाली पश्चिमेचा गुलाम पडला. काका डमीत गेले, सत्ती काढली, पूर्वेची तिर्री आली. त्यांनी अर्धा मिनिट विचार केला आणि राजा ठेवला. पश्चिमेने किलवरचं पान फेकलं. एक डाऊन, म्हणजे एक हात कमी पडला. दुसऱ्या टेबलावर तेच कॉन्ट्रॅक्ट झालं होतं: इकडे उणे 100, तिकडे 1430, एका बोर्डावर (डावावर) 17 इम्प, म्हणजे टीम मॅचचे गुण, गेले.

“काका, गुलाम पडल्यावर फिनेस का नाही केलात?”

“अरे, नऊ पानं होती! नऊला कोण फिनेस करतं?”

मॅच हरल्यापेक्षा मला त्या उत्तराचं जास्त वाईट वाटलं. काका पानं मोजतात, बोली लक्षात ठेवतात, एंट्री, म्हणजे समोरच्या हातात जायची पानं, जपून वापरतात. त्यांच्यासारख्या खेळाडूचा विचार एका यमकाने थांबवावा, हे मला पटत नाही.

आता हिशेब. चार पानं बाहेर असली की साधारण 40.7 टक्के वेळा ती दोन-दोन वाटली जातात आणि 49.7 टक्के वेळा तीन-एक. उरलेले चार-शून्यचे, ते इथे बाद, कारण दोघांनीही हुकूम दिलाय. दोन-दोनच्या सहा तऱ्हा, तीन-एकच्या आठ. म्हणजे 1000 डाव धरले तर दोन-दोनची प्रत्येक तऱ्हा सुमारे 68 वेळा येते, तीन-एकची सुमारे 62 वेळा.

पहिली मांडणी. पूर्वेची तिर्री-दुर्री दिसली आहे, पश्चिमेची दश्शी दिसली आहे. मग दोनच शक्यता उरतात. पश्चिमेकडे नुसती दश्शी होती: 62 डाव. किंवा राणी-दश्शी होती: 68 डाव. राणी-दश्शी असलेला पश्चिम एक्क्याखाली दश्शीच टाकणार, राणी कोण फेकतं? म्हणून ते 68 च्या 68 डाव तुमच्यासमोर असेच दिसतात. 68 विरुद्ध 62. राजा लावा.

दुसरी मांडणी. पश्चिमेचा गुलाम दिसला आहे. नुसता गुलाम होता: 62 डाव. राणी-गुलाम होते: 68 डाव. आणि इथेच बहुतेक जण हात झटकून म्हणतात, हे तर वरच्यासारखंच झालं, राजा लावा!

नाही. राणी आणि गुलाम दोन्ही असलेल्या पश्चिमेला एक्क्याखाली कुठलंही पान टाकलं तरी सारखंच. कधी तो गुलाम टाकेल, कधी राणी. म्हणजे त्या 68 डावांपैकी साधारण 34 डावांत तुम्हाला गुलाम दिसलाच नसता, राणी दिसली असती. नुसता गुलाम असलेल्या पश्चिमेला मात्र दुसरा पर्यायच नव्हता; त्या 62 च्या 62 डावांत गुलामच दिसणार. तेव्हा गुलाम दिसल्यावर खरा हिशेब 62 विरुद्ध 34 असा आहे. जवळजवळ दुप्पट.

हे अजून पटत नसेल तर तीनही तऱ्हा एकत्र घ्या. पूर्वेकडून दुर्री-तिर्री आणि पश्चिमेकडून चित्राचं पान पडलं, असे डाव किती? एकटी राणी 62, एकटा गुलाम 62, जोडी 68. कुठलंही चित्र पडलं की फिनेस, असं ठरवून खेळलात तर 124 डाव जिंकता, 68 हरता. कुठलंही चित्र पडलं की राजा, असं ठरवलंत तर बरोबर उलटं. यात अर्धे-निम्मे करायचीही गरज नाही, आणि वाद घालायला जागा उरत नाही.

या तत्त्वाला ‘रिस्ट्रिक्टेड चॉइस’, म्हणजे मर्यादित निवड, म्हणतात. 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ट्रस्कॉट यांनी ते मांडलं आणि टेरेन्स रीस यांनी ते सगळीकडे पोहोचवलं. नाव जड आहे आणि त्यामुळेच लोक बिचकतात. पण हे तत्त्व तुम्ही रोज वापरता. डमीत एक्का-गुलाम-दश्शी आहे, हातात त्या रंगाची तीन लहान पानं. तुम्ही दश्शी घालून फिनेस करता, पूर्व राजाने मारतो. पुढच्या वेळी काय करता? पुन्हा फिनेस, गुलाम घालून. कोणी शिकवावं लागत नाही. राजा-राणी दोन्ही पूर्वेकडे असण्यापेक्षा एकेक वाटलेलं असणं जास्त शक्य, हे तुम्हाला आपोआप कळतं. तिथेही पूर्वेकडे दोन्ही असते तर त्याने कधी राजाने मारलं असतं, कधी राणीने. गणित तेच आहे. तिथे मान्य आणि नऊ पानांना अमान्य, असं करता येत नाही.

तीन दारांचं कोडंही हेच. एका दारामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, खेळाचा सूत्रसंचालक मॉन्टी हॉल उरलेल्यांपैकी बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, बदलायचं का? बदलावं, कारण बदलल्यास दोन तृतीयांश वेळा गाडी मिळते. 1990 मध्ये स्तंभलेखिका मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी अमेरिकेत हे उत्तर छापलं तेव्हा चूक दाखवणारी हजारो पत्रं आली, त्यांत गणिताचे प्राध्यापकही होते. पॉल एर्डशसारख्या गणितज्ञालाही आधी ते पटलं नव्हतं. त्यामुळे तुम्हाला पहिल्या वाचनात पटलं नाही तर त्यात कमीपणा नाही. मात्र मॉन्टी हॉलकडे जेव्हा दोन बकऱ्यांत निवड असते आणि जेव्हा नसते, तोच फरक राणी-गुलाम आणि नुसत्या गुलामात आहे, हे एकदा नीट बघा.

उलट बाजूची चूकही मी पाहतो. कुणी तरी रिस्ट्रिक्टेड चॉइस नव्याने शिकतो आणि कुठलंही मोठं पान पडलं की फिनेस करत सुटतो. पहिल्या मांडणीत दश्शी पडली म्हणून फिनेस करणारे मला भेटलेत. पडलेलं पान आणि बाहेर राहिलेलं पान बरोबरीची असली तरच हे तत्त्व लागतं. राणी आणि गुलाम बरोबरीचे, कारण मधलं पान नाही. राणी आणि दश्शी बरोबरीची नाहीत, कारण गुलाम तुमच्या हातात आहे. पश्चिमेला निवड होती का, हा एकच प्रश्न विचारा. निवड होती तर ती शक्यता अर्धी करा, नव्हती तर करू नका.

गुण मॅचपॉइंट पद्धतीने मोजा वा टीमच्या, या निर्णयात सहसा फरक पडत नाही. बोलीने मात्र पडतो, आणि इथे दोन्ही मांडण्या पुन्हा वेगळ्या वागतात.

टेबलावर टक्केवारी आठवत बसू नका, रिकाम्या जागा मोजा. सत्तीवर तिर्री पडली त्या क्षणी पश्चिमेने एक हुकूम दाखवलाय, पूर्वेने दोन. पश्चिमेकडे 12 न दिसलेली पानं, पूर्वेकडे 11. पहिल्या मांडणीत राणी 12 विरुद्ध 11 या प्रमाणात पश्चिमेकडे. तेच ते 52-48. दुसऱ्या मांडणीत बाराचे अर्धे करा: 6 विरुद्ध 11. तेच ते 35-65.

बारा आणि अकरा. या एका पानाच्या आधारावर ‘नाईन नेव्हर’ उभं आहे! पश्चिमेने बदामाचा साधा ओव्हरकॉल केला, म्हणजे तुमच्या बोलीवर बदामाची बोली दिली, त्याच्याकडे पाच बदाम आणि पूर्वेकडे तीन आहेत असं कळलं, की पश्चिमेच्या जागा 7 उरतात, पूर्वेच्या 8. आता पहिल्या मांडणीतसुद्धा फिनेस बरोबर. म्हणून बोली झालेली असताना, पलीकडचे लोक भराभर पानं फेकत असताना, जागा न मोजता ‘नऊ आहेत’ म्हणून राजा लावणं मला अजिबात मान्य नाही. ते सूत्र काहीच माहीत नसतानाचं आहे.

दुसरी मांडणी इतक्या सहज उलटत नाही. समजा पूर्वेने वीक टू (लांब रंगावर दोनची कमजोर बोली) उघडलं: त्याच्याकडे सहा बदाम, पश्चिमेकडे तीन. पश्चिमेच्या जागा 9, अर्ध्या केल्या की साडेचार. पूर्वेच्या 5. अजूनही फिनेसच. पूर्वेने तीनवर प्रीएम्प्ट केलं, म्हणजे तुम्हाला अडवायला उंच बोली दिली, सात बदाम त्याच्याकडे आणि दोन पश्चिमेकडे, तेव्हा कुठे पश्चिमेच्या 10 जागांचे अर्धे 5 आणि पूर्वेच्या 4 होतात. तिथे राजा लावा. एवढं भक्कम कारण हातात नसेल तर गुलाम पडल्यावर फिनेस सोडू नका.

एक शंका नेहमी निघते: पश्चिम राणी-गुलामातून कधीही निम्मं-निम्मं टाकत नसेल तर? समजा एखादा खेळाडू अशा जोडीतून दर वेळी राणीच टाकतो आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक आहे. मग त्याचा गुलाम पडला तर तो एकटाच होता, फिनेस शंभर टक्के. राणी पडली तर 68 विरुद्ध 62, राजा. पण इतकी पक्की माहिती क्वचितच असते, आणि ती नसताना दोन्ही वेळा फिनेस केलात तरी 1000 डावांत 124 जिंकताच. त्याच्या सवयीची खात्री असेल तर ते 130 होतात. सहा डावांसाठी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका.

सवयीचा फायदा खरा बघायचा तो बचावाच्या बाजूने. तुमच्याकडे राणी-गुलाम दोनच हुकूम आहेत आणि डिक्लेअररने एक्का काढलाय. पुष्कळ जण इथे न चुकता गुलाम टाकतात, ‘लहान पान आधी’ या जुन्या वळणाने. महिनाभर तुमच्याबरोबर खेळणाऱ्याला ते कळतं, आणि मग तुमची राणी पडली की ती एकटी आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. त्यापेक्षा बोर्डाचा क्रमांक सम असला की राणी, विषम असला की गुलाम, असं मनाशी ठरवून ठेवा. आणि एक्का पडल्यावर विचार करायला थांबू नका. एकटं पान असलेला माणूस थांबत नाही.